अंगणातली सेवण

१

त्या घरात बोलायचं काम अणदारामचं होतं आणि उत्तर द्यायचं काम झमकूच्या चुड्याचं. चुडा एकदा वाजला की हो. दोनदा वाजला की नाही. आणि तांब्या आदळला की समजायचं, आता हा विषय बंद.

सासऱ्यासमोर सुनेनं घुंगट वर करायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही जैसलमेरकडची जुनी रीत. सासू होती तोवर काही अडत नव्हतं, ती मध्ये बसून दोन्हीकडचं इकडे-तिकडे पोचवायची, वर पदरचंही थोडं घालायची. ती गेली. झमकूचा नवरा पूनम मालाचा ट्रेलर घेऊन गुजरातच्या बंदरावर जायचा, तो महिना-दोन महिन्यांतून एकदा उगवायचा. मग घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरली, आणि मधल्या निरोप्याची जागा शेळीला मिळाली.

“लाली,” अणदाराम जेवताना शेळीला म्हणायचा, “आत जाऊन विचार बरं, आज कढीत मीठ घातलंय का मिठात कढी घातलीय?”

आतून तांब्या आदळायचा.

“ऐकलंस लाली? मीही तेच म्हणत होतो. झकास झालीय.”

झमकू ओढणीचा बोळा तोंडात धरून हसायची. म्हातारा दुपारी बाजारात गेला की मात्र तिची जीभ सुटायची. “सांग तुझ्या बाबोसाला,” ती शेळीचे कान ओढत म्हणायची, “सगळा जन्म रोडवेजची बस हाणली, ढाब्याढाब्यावरचं वाट्टेल ते गिळलं, आणि आता सुनेच्या कढीत खोट काढतात!”

लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती. अणदारामनं सुनेचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. पण तिनं चहात आलं घातलं की आज तिला सर्दी झालीय हे त्याला कळायचं, आणि तो न सांगता मेडिकलमधून गोळ्या आणून चुलीपाशी ठेवायचा.

२

सेवण, म्हणजे वाळवंटातलं रानगवत, लावली अणदारामनं.

शहराच्या कडेची ती नवी कॉलनी. ज्याच्या त्याच्या दारात विलायती हिरवळीचा तुकडा. टँकरचं पाणी पिऊन दिवाळीपर्यंत तो हिरवा राहायचा आणि उन्हाळ्यात फाटक्या गोणपाटासारखा व्हायचा. अणदाराम एक दिवस आपल्या जुन्या ढाणीवर, रानातल्या वस्तीवर गेला, शेताच्या बांधावरचे सेवणीचे ठोंब मुळासकट उपटून पोत्यात भरून घेऊन आला, आणि घरापुढच्या वाळूत, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, ते लावून टाकले.

शेजारच्या लिछमाकाकीनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. “काय हो ड्रायव्हरसाहेब, जावई म्हणून रेडा येणारय वाटतं? दारातच चारा पेरलाय!”

“भाभी, तुमच्या हिरवळीला रोज न्हाऊ घालताना बघतो मी. नव्या नवरीचे एवढे लाड नसतात. आमची ही काही मागत नाही.”

आणि खरंच मागितलं नाही तिनं काही. पहिल्या दिवशी घातलं तेवढंच पाणी. त्या वर्षी पाऊस ढगातूनच परत गेला, कॉलनीतल्या सगळ्या हिरवळी जळाल्या, लिछमाकाकीची बोगनवेल काडी झाली. सेवण तेवढी वाढत राहिली. आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला. पिवळसर पात्यांवर पांढरट केसाळ तुरे आले. ठोंबांमधली वाळू दिसेनाशी झाली.

झमकूला ती आवडायची. तिच्या माहेरी घरामागे नजर पोचेल तिथवर हेच गवत होतं. हिरवळ पाहिली की तिला कुणाच्या तरी दिवाणखान्यात आल्यासारखं वाटायचं, सेवण पाहिली की आपल्या घरी. दुपारी वारा सुटला की वाळलेल्या काड्या एकमेकींवर घासून बारीक किणकिणाट व्हायचा. अणदारामनं आपली खाट उचलून तिच्या कडेलाच आणून टाकली. जेवण झालं की निंबाच्या सावलीत, गवताकडे तोंड करून तो पडून राहायचा. कधी एकटाच गुणगुणायचा, कधी जुन्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायचा. ऐकायला शेळी होतीच.

३

एका सकाळी अणदाराम डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून दवाखान्यातून परत आला.

“लाली, सांग तुझ्या बाईला,” तो खाटेवर टेकत म्हणाला, “तिचं ऐकलं म्हणून डोळा वाचला. डॉक्टर म्हणाला, आणखी उशीर केला असतात तर आंधळे झाला असतात. बीनणीनं, सूनबाईनं, धोशा लावला म्हणूनच गेलो मी.”

दारामागे उभी असलेली झमकू चहाचा कप हातात घेऊन तशीच थांबली.

म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय हे तिला कितीतरी दिवसांपासून दिसत होतं. तो पायरी चाचपून उतरायचा, ताटातली भाजी सोडून रिकाम्या जागी घास बुडवायचा. सांगावं कसं या विचारानं तिचा जीव वरखाली होत होता. पण सांगितलं मात्र नव्हतं. चुड्यानं ‘डोळे दाखवून या’ कसं सांगणार?

पूनमनं फोनवर सांगितलं असेल, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन तिनं विचारलंही.

“मी? मला कुठे माहीत होतं?” पूनम म्हणाला. “तूच सांगितलं असशील काहीतरी खाणाखुणा करून.”

असेल. झमकूनं मनाशी कबूल केलं. सुईत दोरा ओवताना आपण डोळे चोळले असतील, म्हाताऱ्यानं त्यातून अर्थ काढला असेल. तसा हुशार आहे तो. तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

४

मग लिछमाकाकीकडे मंगोड्या, मुगाचे सांडगे, घालायला कॉलनीतल्या बायका जमल्या. झमकू दुपारी निघाली ती उन्हं उतरायच्या आधीच परतली. फाटकाशी आली आणि तिला सासऱ्याचं हसू ऐकू आलं. असं खळखळून हसू सासू गेल्यापासून तिनं ऐकलं नव्हतं.

कोण आलंय म्हणून तिनं घुंगट सारखा केला आणि फाटकाच्या फटीतून पाहिलं. कुणी आलं नव्हतं. अणदाराम खाटेवर मांडी घालून बसला होता, गवताकडे तोंड करून.

“नाही कसं? गेलंच पाहिजे,” तो म्हणत होता. “पूनमला मी सांगतो. माहेरी जाऊन किती दिवस झाले तुला? चार दिवस जाऊन ये. मी आणि लाली खाऊ काहीतरी शिजवून. काय? येतो मला स्वयंपाक!”

मग तो ऐकतोय असं मान कलवून बसला.

आणि चुडा वाजला. दोनदा.

झमकूनं आपली मनगटं आपल्याच हातांनी घट्ट धरली. तिचा चुडा कोपरापर्यंत होता, लाखेचा, त्यातली एक बांगडी चिरलेली, म्हणून त्याचा आवाज थोडा फुटका यायचा. आत्ता आला तोही तसाच फुटका होता. शेळी खुंट्याशी उभी होती. तिचा एक कान फाटकाकडे होता आणि एक गवताकडे.

“नाही म्हणजे नाही?” म्हातारा हसला. “आता तोंड फुटलंय ना तुला? मग चुडा कशाला वाजवतेस? नीट बोल की!”

झमकू मागच्या बोळातून घरात शिरली. चूल पेटवली, विझवली. काड्या वाजतात, तिनं स्वतःला समजावलं. वाळलेलं गवत आहे. माणूस एकटा पडला की काड्यांशीही बोलतो. म्हातारा झोपायला गेल्यावर ती अंगणात आली आणि दोन्ही हातांनी सेवणीचे देठ धरून हलवले. खसखस झाली. आणखी जोरात हलवले. नुसती खसखस. चुड्यासारखं काहीच वाजलं नाही. हाताला मात्र पाती ऊबदार लागली. दिवसभराचं ऊन, ती म्हणाली, आणि हात ओढणीला पुसले.

५

“मग तूच बोल ना त्यांच्याशी,” पूनम फोनवर म्हणाला. “आई होती तोवर ठीक होतं. आता कोण बघतंय? म्हातारा माणसासाठी आसुसलाय, म्हणून गवताशी बोलतोय.”

लिछमाकाकीचंही तेच. “जीभ काय वितळणारय तुझी? माझ्या दोन्ही सुना मला आणि त्यांच्या सासऱ्याला घडाघडा सुनावतात. आम्ही मेलो का?”

झमकूला पटलं. ती रात्रभर काय बोलायचं ते जुळवत राहिली. ‘बाबोसा, चहा.’ एवढंच. दोन शब्द.

सकाळी चहा घेऊन ती खाटेपाशी गेली. घुंगटाआड तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांचं कुलूप, ते एका सकाळीत निघतं थोडंच! तिनं कप ठेवला. चुडा वाजला.

अणदारामनं कप उचलला. त्याचा चेहरा जरा हिरमुसला.

“काल दुपारी किती बोलत होतीस,” तो हळूच म्हणाला, शेळीला नाही, थेट तिलाच, फक्त नजर जमिनीवर ठेवून. “आज पुन्हा चुडाच? बरं बरं. सकाळची लाज वाटते तुला, कळतं मला. दुपारी बोलू.” त्यानं एक घोट घेतला. “आणि आज येतो मी सेवणीच्या आत. तू म्हणतेस ना रोज, आत सावली आहे, गार आहे, ऐसपैस जागा आहे म्हणून. आज येऊन बघतोच.”

झमकूनं चुडा दोनदा वाजवला. मग पुन्हा दोनदा. मग पुन्हा पुन्हा वाजवत राहिली, मनगट दुखेपर्यंत.

“अगं हो, हो!” म्हातारा हसत म्हणाला. “कळली घाई. म्हटलं ना येतो.”

६

तिनं विळा शोधला. सापडला नाही. पूनमला फोन लावला, तो कुठल्याशा घाटात होता, लागला नाही. म्हाताऱ्याला पोटभर जेवायला घातलं की झोप लागेल, असा विचार करून तिनं बाजरीचे जाडजूड सोगरे थापले, वर तुपाची धार धरली. अणदाराम जेवला. खाटेवर आडवा झाला. घोरायलाही लागला. तेव्हा कुठे झमकू उरलेली भांडी आवरायला आत गेली.

खाट करकरली.

ती बाहेर धावली तेव्हा खाट रिकामी होती. म्हाताऱ्याच्या मोजड्या सेवणीच्या कडेला नीट जोडून ठेवलेल्या होत्या, देवळात जाताना ठेवतात तशा. आणि तो गवतात उभा होता.

दोन खाटा मावतील एवढी जागा. पलीकडे लगेच कॉलनीची भिंत. हात लांब केला असता तर ओढणीच्या टोकानं त्याला शिवता आलं असतं. पण तो लांब दिसत होता. खूप लांब, माहेरच्या रानात संध्याकाळी गुरं घेऊन येणारा माणूस दिसतो तेवढा. त्याच्या छातीपर्यंत सेवण होती आणि ती हलत नव्हती.

त्याच्या पुढे, तुऱ्यांच्या वर, केशरी ओढणी होती. झमकूच्या अंगावर होती तशीच. तिचा घुंगट हनुवटीखाली आला होता. चुडा वाजला, फुटका.

म्हातारा आणखी एक पाऊल पुढे गेला.

“बाबोसा!”

आवाज झमकूचा होता, पण तिलाही तो ओळखू आला नाही. घोगरा, चिरका, अर्धा खोकल्यात गेलेला. अणदाराम थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही.

“कोण आहे?”

“कुणी नाही,” ओढणीआडून उत्तर आलं. मऊ, स्वच्छ, मायेनं भिजलेलं. झमकू एकटी असताना शेळीशी बोलायची तोच आवाज. “वारा आहे, बाबोसा. या तुम्ही.”

“बाबोसा, मी आहे!” झमकू ओरडली. “मी, झमकू! परत फिरा! मी कधी बोलले नाही हो तुमच्याशी! एकदाही नाही! ती मी नाही!”

म्हातारा गोंधळला. त्याची मान इकडे झाली, तिकडे झाली. “आवाज तर...” तो पुटपुटला. “दोन्हीकडून तूच बोलतेयस.”

“मीच आहे,” पलीकडची म्हणाली, जराही न रागावता. “विश्वास नाही बसत? बघा. मी घुंगट वर करते.”

आणि केशरी ओढणीच्या कडेला दोन हात आले.

इथं अणदारामनं जे केलं, ते त्यानं ठरवून केलं नाही. जन्मभराची सवय. सून घुंगट वर करतेय म्हटल्यावर तो भला माणूस शरमेनं गर्रकन मागे वळला आणि त्यानं नजर खाली घातली. आणि खाली, गवताच्या बुंध्यांमधून, त्याला झमकूचे पाय दिसले. ती अनवाणीच धावत आली होती. दुपारची वाळू तव्यासारखी तापली होती आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

“अगं, पाय भाजतायत की तुझे!” म्हातारा ओरडला. “वेडी कुठली! सावलीत हो आधी!” आणि तो तरातरा तिच्याकडे चालत आला, खूप लांबून यावा तसा, धापा टाकत.

तो येत असताना त्याच्या खांद्यावरून झमकूला पलीकडचं दिसलं. घुंगट वर झाला होता. काय दिसलं ते तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही, पूनमलाही नाही. एवढंच म्हणाली, की भयंकर काही नव्हतं. चेहऱ्यावर राग नव्हता. ती झमकूकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माया होती.

७

पुढच्या आठवड्यात पूनम आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि विश्वास न ठेवता का होईना, कुदळ घेऊन सेवण मुळापासून खणून काढली. गाडाभर गवत गोशाळेला देऊन टाकलं. अंगणात पुन्हा वाळू दिसायला लागली. अणदारामची खाट मागच्या अंगणात गेली.

आणि घरात बोलणं सुरू झालं. सुरुवातीला अडखळत, “बाबोसा, चहा,” “ठेव, ठेव,” एवढंच. मग हळूहळू बांध फुटला. कढीवरून भांडणं व्हायला लागली. तांब्या आदळायची गरज उरली नाही. लिछमाकाकी भिंतीवरून म्हणाली, “आधी बरं होतं गं बाई, आता दुपारची झोप लागत नाही तुमच्या गोंगाटानं!”

सेवणीचं मूळ खोल जातं. पाऊस पडला नाही, कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, झमकूनं तर तिकडे बघायचंच सोडलं होतं. तरी एक दिवस वाळूतून हिरवी टोकं वर आली. पूनम पुन्हा खणायला येणार होता. त्याला यायला वेळ होता. तोवर ती गुडघ्याला लागली.

त्या संध्याकाळी जेवणं झाली होती. अणदाराम पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, झमकू लसूण सोलत उंबऱ्याशी. घुंगट होता, पण आता कपाळापर्यंतच. कितीतरी दिवस मनात असलेलं तिनं विचारलं.

“बाबोसा, ती काय बोलायची हो तुमच्याशी?”

म्हाताऱ्यानं भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

“ती फारसं बोलायचीच नाही गं. पहिले कितीतरी दिवस तर चुडासुद्धा नव्हता, नुसतं कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. मीच बोलायचो.”

“काय?”

“तुझंच.” तो ओशाळून हसला. “मला वाटलं, तूच बसलीयस पलीकडे, सावलीला. समोरासमोर सुनेचं कौतुक करता येत नाही आपल्यात. आडून ऐकतेय तर ऐकू दे, म्हटलं. मग सांगत बसायचो. आमची बीनणी कढी ढवळताना मान कशी कलती करते. हिच्या सासूच्या आजारपणात रात्र रात्र कशी बसली. गच्चीवर फोनवर बोलते ते ऐकू येत नाही, पण हसली की खाली कळतं. चुड्यातली एक बांगडी फुटलीय, ती बदलून आणायचीय मला, हेही सांगितलं. रोज काहीतरी नवीन सांगायचो. तिला आवडायचं. संपत आलं की गवत असं हलायचं, की पुढे सांगा.”

झमकूच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली.

“मग एक दिवस चुडा वाजला,” अणदाराम म्हणाला. “आणि मग काही दिवसांनी तिला आवाज फुटला.”

“किती सांगितलंत तुम्ही?”

“जेवढं मला माहीत होतं तेवढं सगळं.” त्याचा आवाज बारीक झाला. “तुझ्यावर जीव आहे गं माझा. लेकीसारखा. थोडंथोडकं कसं सांगितलं असतं?”

झमकूचे डोळे भरून आले. असं तिच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं, आईनंही नाही. तिला म्हाताऱ्याला खूप काही सांगायचं होतं. त्यालाही अजून बोलायचं असावं, कारण त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तो तिच्या डोक्यावरून बाहेर बघत होता.

बाहेर वारा सुटला होता. निंब हलत होता, लिछमाकाकीच्या दोरीवरची धुणी फडफडत होती. सेवणीचं एक पातंही हलत नव्हतं.

दोघांनाही बोलायचं खूप होतं. पण दार उघडं होतं, आणि ते लावायला दोघांतलं कुणीच उठेना.